गारपिटीचा विमा वेगळा कशासाठी?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेचं काय होणार, हे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुष्कळदा जमिनीपासून 12 किलोमीटर उंचीवर ठरतं. तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे झोतवारा वाहत असतो. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेला उतरतो आणि मे संपता संपता उत्तरेला सरकतो. मधल्या महिन्यांत त्याला दक्षिणेकडे मोठा बाक आला, की उत्तरेचा गारठा थेट महाराष्ट्राच्या डोक्यावर येतो. खाली मार्चचं ऊन, त्यात समुद्रावरून आलेलं बाष्प. दुपारनंतर ढग उभे चढतात, त्यातले थेंब गोठतात, वर फेकले जातात, बर्फाचे थर चढत जातात आणि वजन पेलवेनासं झालं की गार सुटते. त्यातून नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर. वाटेत वितळायला गारेला अंतरही कमी मिळतं.

हे ज्ञान नवं नाही. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला, त्याला शंभर वर्षं झाली. आता तो कुठे वळणार याचे नकाशे काही दिवस आधी तयार असतात. कोणत्या गावावर गार पडेल हे सांगता येत नाही, पण कोणत्या आठवड्यात सावध राहायचं, हे बऱ्याचदा सांगता येतं.

2014 आठवा. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत थांबली नाही. झोतवारा नेहमीपेक्षा बराच दक्षिणेला आला होता. राज्यातले 28 जिल्हे झोडपले गेले. त्यातच 5 मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि मदतीचा निर्णय निवडणूक आयोगाच्या परवानगीत अडकला. 4,000 कोटींची मदत जाहीर झाली ती त्यानंतर. तेव्हा सगळे म्हणाले, असं कधी घडलं नव्हतं. पुढच्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीनं पुन्हा गाठलं आणि मदतीसाठी नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 वर आणावी लागली. एप्रिल 2023 मध्ये बागलाणात काढणीला आलेला उन्हाळ कांदा गारांखाली गेला. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला निफाड तालुक्यात गार पडली, आणि तेव्हा वसंत ऋतूही नव्हता.

पंचनाम्यात काय दिसतं? फुटलेले मणी. पण बाग जवळून पाहा. गार काडीवर बसते, साल सोलते, जखम होते. एक घड गेला तर एका हंगामाचं नुकसान, पण काडी आणि ओलांडा जखमी झाले तर पुढच्या हंगामाचे डोळेही जातात. खरड छाटणीनंतर फूट कमजोर निघते आणि गर्भधारणा नीट होत नाही. वरून ओल राहिली की डावणी आणि करपा यांच्यासाठी फवारणी सुरू. जागेवर ठरलेला सौदा व्यापारी मोडतो किंवा दर पाडतो. कांद्याचंही तसंच. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, म्हणजे त्याची किंमत एप्रिलमध्ये नाही, जुलै-ऑगस्टमध्ये कळते. तेव्हा पंचनामा करायला कोण येणार?

आणि आता मूळ प्रश्न. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत द्राक्षाला अवकाळी पावसाचं संरक्षण मूळ हप्त्यात मिळतं. गारपिटीसाठी मात्र अतिरिक्त हप्ता भरावा लागतो, आणि गार पडल्यावर 72 तासांच्या आत कळवावंही लागतं. हा हप्ता अनेक शेतकरी भरत नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधं, मजुरी आणि बँकेचा हप्ता यांनीच हात रिकामे झालेले असतात. ज्या जिल्ह्यात गार वर्षाआड धडकते, तिथं तिचं विमा संरक्षण ऐच्छिक ठेवणं हा धोरणाचा दोष आहे, शेतकऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे.

धोका कमी होईल अशी आशाही नको. रीडिंग विद्यापीठाच्या कीरन हंट यांचा 2024 चा अभ्यास सांगतो, की हा झोतवारा अधिक जोरकस झाला आहे आणि उत्तरेला सरकायला उशीर करतो, म्हणून पश्चिमी चक्रावात, म्हणजे या वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, हिवाळा संपल्यावरही येत राहतात. हे मुख्यतः उत्तर भारताबद्दल असलं तरी तोच वारा आपल्याकडे वळतो.

भारतीय हवामान विभागाचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी निघतो, जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्या सल्ल्यात फेब्रुवारी ते एप्रिल 'वरच्या वाऱ्याची स्थिती' असा दोन ओळींचा मजकूर मराठीत द्या. आच्छादन ओढायचं की काढणी उरकायची, हे ठरवायला चार दिवसही पुरतात.

आणि कृषी खात्याला थेट मागणी : येत्या हंगामाच्या विमा अधिसूचनेत नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षासाठी गारपीट मूळ हप्त्यात घ्या. शेतकऱ्यांनो, द्राक्ष बागायतदार संघाच्या प्रत्येक बैठकीत हाच एक ठराव मांडा.