भावोजी, पाय पुढे!

पोहता न येणारा मालवणी माणूस दुर्मीळ. त्यातून तो अमेरिकेतल्या नदीत आपण होऊन कंबरभर पाण्यात उतरला, तर त्याची कुठेतरी सरकारी नोंद व्हायला हवी. प्रस्तुत प्रवासी अटलांटाला गेला होता तो मेहुण्याच्या वास्तुशांतीला. पूजा झाली, कोका-कोलाचं संग्रहालय झालं, जोन्स ब्रिजही झाला. (तिथला जुना लोखंडी पूल १९४० साली काही कामगारांनी उघडउघड अर्धा तोडून नेला, अधिकृत काम असेल म्हणून कुणी हटकलंही नाही. उरलेला अर्धा २०१८ मध्ये आपणहून चट्टाहूची नदीत पडला.) शनिवारी पहाटे मेहुण्याने दार वाजवलं. "भावोजी, उठा. गरवायला जायचंय."

धक्क्यावर बसून गळ टाकणं हा मालवणात पोराटोरांचा उद्योग. मोठी माणसं रापण ओढतात. आणि प्रवाशाच्या वर्गातली माणसं थेट बाजारात जाऊन पापलेटाचे कल्ले उघडून बघतात. गोड्या पाण्यातल्या माशाविषयी या वर्गाचं मत छापण्याजोगं नाही.

पण मेहुण्याने सगळी तयारी करून ठेवली होती. छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, म्हणजे वेडर, शेजाऱ्याची. शेजारी सहा फूट चार इंच. प्रवासी पाच फूट तीन. विजारीचा उरलेला भाग घोट्यांशी चुण्या होऊन बसला. वरून कमरेला करकचून पट्टा, त्यावर लाइफ जॅकेट, हातात काठी. "पट्टा सोडायचा नाही," मेहुण्याने बजावलं. प्रवाशाला तो सुटतही नव्हता.

जागा होती त्याच नदीवरची कॉक्रन शोल्स. जवळच इंटरस्टेट २८५ महामार्ग घोंघावतो, झाडांपलीकडे ऑफिसं, आणि मधल्या खडकाळ पाण्यात सकाळी साडेसहाला माणसं हातभर अंतरावर कुठलंच काम नसल्यासारखी उभी. अटलांटाच्या उन्हाळ्यात ट्राउटसारखा थंड पाण्याचा मासा जगणं कठीण; पण १९५०च्या दशकात चट्टाहूची नदीवर वरच्या अंगाला ब्युफर्ड धरण झालं आणि लेक लॅनियरच्या तळाचं, साधारण दहा अंशांचं पाणी खाली येऊ लागलं. शहराने एसी लावले की विजेची मागणी वाढते, धरण पाणी सोडतं, वरच्या भागात भोंगा वाजतो आणि नदीतली माणसं काठाकडे पळतात. थोडक्यात, माणसांना एसी मिळतो तेव्हा माशांनाही मिळतो. १९७८ च्या १५ ऑगस्टला जिमी कार्टर यांनी या नदीकाठाला केंद्राचं संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. कार्टर स्वतः गळ घेऊन ट्राउटच्या मागे जाणारे. सहीला हात आखडला नसणार.

धरण बांधायचं, वीज करायची आणि शेजारी मासेही वाढवायचे, हे आपल्याला नवं नाही. लोणावळ्याला वळवण धरणाशी टाटांची महसीरची पैदास कित्येक वर्षं चालू आहे. पण महसीर आपलाच. ट्राउट इथे पाहुणा. मूळचा रहिवासी शोल बास. खळखळत्या खडकाळ पाण्याशिवाय याचं जमत नाही, आणि नेमके तसे खडक धरणांनी बुडवले. बिचाऱ्याला स्वतःचं शास्त्रीय नावसुद्धा १९९९ साली मिळालं. पुढे सरकारने त्याची पिल्लं याच पट्ट्यात आणून सोडली. म्हणजे भूमिपुत्राचंच पुनर्वसन.

"आणि ट्राउट लागला तर?" प्रवाशाने विचारलं.

"सोडायचा."

या पट्ट्यात १ नोव्हेंबर ते १४ मे ट्राउट धरून घरी नेता येत नाही. आमिष कृत्रिम, गळ एकच. परवाने मात्र दोन: एक मासेमारीचा, एक खास ट्राउटचा. पैसे भरायचे, पहाटे उठायचं, पाण्यात गोठायचं, मासा धरायचा आणि परत द्यायचा! प्रवाशाने आजवर बऱ्याच सरकारी योजना पाहिल्या होत्या. इतकी निर्मळ एकही नव्हती.

त्याच संतापात त्याने पाऊल उचललं. उचलायचं नसतं. प्रवाहाकडे कूस करून पाय तळाशी घासत न्यायचा, काठी टेकल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. तळाला शेवाळ. डावा पाय गेला, त्याची समजूत घालायला उजवा गेला, आणि प्रवासी जॉर्जिया राज्यात पाठीवर आडवा झाला.

थंडी प्रथम कानांत शिरली. विजारीत पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो असा समज आहे, आणि त्या क्षणी प्रवाशाचाही तोच होता. तो खोटा. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड, ते खाली ओढत नाही. खरी पंचाईत बाहेर चढताना होते. पट्ट्यामुळे तर आत फारसं शिरतच नाही. उलट घोट्यांशी अडकलेली हवा शेजाऱ्याच्या त्या ज्यादा कापडात फुगली, आणि प्रवाशाची पावलं डोक्यापेक्षा वर तरंगू लागली.

"भावोजी, पाय पुढे! प्रवाहाच्या दिशेने!"

पाय पुढेच होते. बाकीचे भावोजी त्यांच्या मागून येत होते. बाजूने कयाकमधून एक बाई गेल्या. "ऑल गुड?" त्यांनी हसून विचारलं. "गुड," प्रवासी म्हणाला. पाहुण्याने आणखी काय म्हणावं?

पुढच्या उथळ वाळूवर तो आपोआप लागला. मेहुणा धापा टाकत आला, त्याने गाडीत हीटर लावला, स्वतःचं जॅकेट काढून भावोजींना गुंडाळलं आणि थर्मासमधला चहा ओतला. त्याचे हात थरथरत होते, भिजलेल्या माणसापेक्षा जास्त.

"तू कधी शिकलास हे?"

मेहुणा काचेबाहेर बघत राहिला. "नोकरी गेली होती तेव्हा. घरी सांगितलं नव्हतं. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचो आणि इथे उभा राहायचो." मग म्हणाला, "दुसरी मिळाली लगेच. ताईला सांगू नका."

प्रवाशाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याला परत पाण्यात पाठवलं. तासाभराने मेहुण्याच्या ओल्या हातात फूटभर रेनबो ट्राउट होता, कुशीवर गुलाबी पट्टा, डोळ्यांत राग. प्रवाशाने काठावरूनच हिशेब केला: डोकं धरून पाच तुकड्या. मेहुण्याने गळ सोडवला, मासा प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर पाण्यात धरला, आणि पाच तुकड्या निघून गेल्या.

"ताईला सांगणार नाही ना?"

"नोकरीचं नाही सांगत," प्रवासी म्हणाला. "आणि माशाचं तर मुळीच नाही. तीही मालवणचीच आहे."