सैराट न झालेला मामा

बीड जिल्ह्यात राहून ‘सैराट’ आवडत नाही म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून जिलबी नको म्हणण्यासारखं आहे. लोक आधी तब्येत विचारतात, मग आडनाव विचारतात आणि शेवटी ‘तुम्ही नीट बघितलाच नसंल’ असा निकाल देऊन मोकळे होतात.

मी नीट बघितलाय. 29 एप्रिल 2016 ला सिनेमा लागला आणि त्याच आठवड्यात भर उन्हात रांगेत उभा राहून बघितलाय. ते दिवस आठवा. केज तालुक्यात धनेगावला असलेलं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि त्याच्यावर जगणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यासुद्धा हंडे घेऊन पळायच्या. अशा दिवसांत पडद्यावर परश्या धावत सुटतो आणि थेट भरल्या विहिरीत सूर मारतो! थिएटरात शिट्ट्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या पटकेवाल्या बाबांनी मात्र पाण्याकडे बघून ‘आरारारा’ केलं आणि माझ्या मांडीवर हात मारून म्हणाले, ‘पाच परस तरी आसंल बघा.’ पुढं आर्ची आली, पोरांना विहिरीबाहेर काढलं, गाणं झालं. बाबा आपले मोटार किती एचपीची बसवावी, यातच. त्यांच्या हिशेबात मीही असा अडकलो की नायक-नायिकेचं जमलं कधी, हे मला कळलंच नाही.

आष्टीहून जामखेड ओलांडलं की करमाळा येतं, म्हणजे सिनेमातलं गाव काही परदेशात नाही. पण त्या होड्या, ते बॅकवॉटर, ती हिरवीगार शिवारं बघून मला आपण व्हिसा न काढता शिरलोय असंच वाटत राहिलं. हिंदीवाल्यांनी तर 2018 मध्ये ‘धडक’ काढताना हीच गोष्ट सरळ उदयपूरच्या तलावाकाठी नेली. प्रेमाला पाणी लागतं, यावर सगळ्या दिग्दर्शकांचं एकमत दिसतं. बीडलाही निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे. पण तिच्यात सूर मारून कुणाचं जुळल्याचं ऐकिवात नाही.

दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्याशी माझं वैर नाही. त्यांचा ‘फँड्री’ बघून आलो त्या रात्री मी कुणाशी बोललो नव्हतो. संगीतकार अजय-अतुल यांच्याशी तर नाहीच. त्यांनी या गाण्यांसाठी पार लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांचा ताफा बसवला. त्यातलं ‘झिंगाट’ आमच्याकडच्या हळदीत डीजेवर असं वाजतं की त्या वादकांना आपण काय वाजवलं होतं ते ओळखूही येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

2025 च्या मार्चमध्ये ‘सैराट’ पुन्हा थिएटरात आला, तेव्हा मी शिताफीनं निसटलो. पण दिवाळीला भाची पुण्याहून आली आणि तिनं तो टीव्हीवर लावला. ‘मामा, या वयात तरी पाघळा,’ म्हणाली. बसलो. पहिली विहीर आली, मी निग्रहानं मोटारीचा विचार टाळला. मग रान आलं, ऊस आला. भाचीनं उसासा टाकला, ‘किती रोमँटिक हाय!’

आता ऊस बघून आमच्या तालुक्यात कुणाला प्रेम सुचत असेल तर त्याचा सत्कार करावा. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्याच आठवड्यात कुलपं लावून ऊसतोडीला निघाली होती. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घ्यायची ती कोयत्यावर, फेडायची ती मोळ्या बांधून. पहाटेच्या थंडीत गाडी भरायची आणि फडाशेजारच्या कोपीत चूल पेटवायची. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता आणि उचलही त्याच मानानं. आर्ची आणि परश्या घर सोडून गेले म्हणून जवळपास तीन तासांचा सिनेमा झाला. आमच्याकडची जोडपी दरसाल घर सोडतात, वर पळून जायला आगाऊ पैसे घेतात आणि निरोप द्यायला अख्खं गाव वेशीवर येतं. यात व्हिलन आणायचा कुठून?

गंमत म्हणजे हैदराबादचा भाग सुरू झाला, भाची मोबाईल काढून बसली आणि मी सावरून बसलो. पत्र्याची खोली, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, पैसे मोजून आणलेला बाजार, कामावरून दमून आल्यावरची फालतू भांडणं. इथं दोघं खरोखर मोठी होताना दिसतात. लोक नेमकं इथंच म्हणतात, ‘सेकंड हाफ जरा लांबला.’ लांबणारच. संसार गाण्यात उरकत नाही.

‘म्हंजे आवडला की!’ भाचीनं मला पकडलं.

‘अर्धा.’

‘अर्ध्या कोयत्याला अर्धाच आवडणार!’ ती म्हणाली. लग्न न केलेल्या मामाला असले टोमणे दिवाळीच्या फराळासोबत मिळतात. आत माझी बहीण इतकी हसली की तिच्या कढईतली चकली करपली.

मग भाचीनं उलटतपासणी घेतली. मला नेमका कसला सिनेमा पाहिजे? मी सांगितलं, गोष्ट कोपीत सुरू व्हावी. पोरगा दहावीचा, पोरगी नववीची. शाळा गावात, आईबाप फडावर आणि हे दोघं मोळ्यांच्या हिशेबावरून भांडता भांडता एकमेकांना आवडू लागलेले. विहीर एकच असावी आणि तिला पाणी नसावं.

‘आन् कोण बघंल आसला पिक्चर?’

‘बघणारे सगळे फडावर गेलेत,’ मी म्हणालो. ‘हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडू दे, मग लाव. हाऊसफुल्ल जाईल.’