लक्षणविरहित इंजिन

पूर-बचावाच्या बोटीचे इंजिन मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेले असते. वर पेट्रोलचे छोटे इंजिन, मधे उभा दांडा, खाली दातेरी चक्रे आणि पाण्यात फिरणारा पंखा, एवढीच त्याची रचना. ते थंड राहते ते नदीच्याच पाण्यावर. दांड्यावर बसवलेली रबरी पात्यांची चकती खालून पाणी ओढते, सिलिंडरभोवती फिरवते आणि मागच्या बारीक भोकातून बाहेर सोडते. भोकातून धार पडत असेल तर इंजिन ठीक. धार थांबली की थोड्याच वेळात ते तापून बसते. म्हणून जाणता नावाडी इंजिन सुरू झाल्यावर पुढे पाहण्याआधी मागे पाहतो. सरकारी कामकाजात ही सवय अद्याप रुळलेली नाही.

यवतमाळ जिल्ह्यात बोटीचे काय काम, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो आणि उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या माणसालाही पडतो. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहर टँकरच्या रांगेत उभे होते. तेव्हा कोणी बोटीचा विषय काढला असता, तर घागरीचा मार खाल्ला असता. पण भूगोल वेगळे सांगतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या अंगाने वर्धा नदी वाहते, दक्षिणेला पैनगंगा आहे आणि मधल्या भागात बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, निर्गुडा आहेत. त्यांत ईसापूर, पूस, अरुणावती आणि बेंबळा या धरणांचे जलाशय. या नद्या आठ महिने पात्रातल्या दगडांची ओळख पटवून देतात आणि उरलेल्या चार महिन्यांत एखाद्या रात्री गावात शिरतात. त्यामुळे बोट हा या जिल्ह्यात हंगामी विषय आहे. तो मृगात आठवतो, पोळ्यापर्यंत टिकतो आणि दिवाळीच्या फराळात विरघळतो.

जलाशयांवर रोज पाण्यात उतरणारे मासेमार या चर्चेत येत नाहीत. त्यांचे डोंगे वल्ह्यावर चालतात, काहींचे काम ट्रकच्या ट्यूबवरही भागते. वल्ह्याला कार्बोरेटर नसतो, त्याला अंदाजपत्रकही लागत नाही. त्यामुळे ते बंद पडत नाही आणि त्याची फाईलही तयार होत नाही.

बिघाडांचे वर्गीकरण

इंजिन वापरून जितके बिघडते त्याहून जास्त न वापरल्याने बिघडते. त्यातला पहिला बिघाड इंधनाचा. टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर बनतो आणि तो कार्बोरेटरच्या सुईएवढ्या छिद्रात जाऊन बसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतली वाफ शोषून घेते आणि पुरेसे पाणी जमले की ते पाणी इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होते. पुराच्या दिवशी दोरी ओढणारा माणूस मग वरच्या पेट्रोलवर विश्वास ठेवतो आणि इंजिन तळचे पाणी पिते.

दुसरा बिघाड रबराचा. थंडाव्याची रबरी चकती वर्षभर एकाच जागी दाबून राहिली की तिची पाती वाकलेल्या आकारातच कायम होतात. इंधनाच्या नळीला गोदामातले उंदीर लागतात. मधल्या रबरी फुग्याला उन्हाने भेगा पडतात. फुगा दाबला की पेट्रोल इंजिनात न जाता दाबणाऱ्याच्या पँटवर जाते.

तिसरा बिघाड सुरक्षेचा. बहुतेक नव्या इंजिनांना एक छोटी क्लिप असते. चालक पाण्यात पडला तर मनगटाला बांधलेल्या दोरीने ती निघते आणि इंजिन थांबते. क्लिप जागेवर नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. ही क्लिप हरवू नये म्हणून कोणीतरी ती कपाटात ठेवते, कपाटाला कुलूप लावते आणि बदली होऊन जाते. या प्रकारात यंत्रात कोणताही दोष सापडत नाही. पण सर्वांत जास्त दोरी याच प्रकारात ओढली जाते आणि सर्वांत जास्त सल्ले याच वेळी मिळतात: 'चोक देऊन पाय', 'प्लग काढून पूस', 'थे राहू दे, मालेच ओढू दे बरं एकडाव'.

चौथा बिघाड पाण्यातला. विदर्भात नाल्याकाठी आणि धरणाकाठी बेशरम माजलेले असते. पुरात त्याच्या लवचीक फांद्या पंख्याला विळखा घालतात. त्यांच्यापेक्षा वाईट नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा. तो पंख्यामागे गुंडाळत जाऊन तेलाचे सील कापतो. सील गेले की गिअरच्या तेलात पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. तेल दुधाळ दिसले की खोलून पाहायचे, असा नियम आहे. तो पाळण्यासाठी आधी तेल पाहावे लागते, एवढीच त्यातली अडचण.

पाचवा बिघाड नस्तीत असतो. यंत्र चालू की बंद हे नोंदवहीतल्या 'सुस्थितीत' या शेऱ्यावरून ठरते आणि तो शेरा मागच्या वर्षीच्या शेऱ्यावरून उतरवतात. असे इंजिन बाहेरून स्वच्छ असते, त्याच्यावर ताडपत्री असते, ताडपत्रीवर क्रमांक असतो. ताप नाही, खोकला नाही. वैद्यकीय भाषेत ते लक्षणविरहित असते.

महासाथीचा काळ

13 मार्च 2020 रोजी राज्यात 1897 चा साथरोग कायदा लागू झाला. त्याच सुमारास दुबईहून परतलेल्या प्रवाशांच्या रूपाने यवतमाळला करोनाचे पहिले रुग्ण मिळाले. पुढे टाळेबंदी आली ती 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या आधारे. याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते आणि पुराची पूर्वतयारीही त्याच्याच खात्यावर मांडलेली असते. म्हणजे रस्त्यावर माणसाला अडवणारा कायदा आणि पुरातून माणसाला काढणारा कायदा एकच. पहिले कलम जोरात चालले. दुसऱ्याच्या कार्बोरेटरमध्ये थर साचत गेला.

याला कोणा एकाची चूक म्हणता येत नाही. माणसे तितकीच होती. सकाळी पास देणारा दुपारी बाधितांच्या संपर्कातले शोधत होता, संध्याकाळी नाक्यावर उभा होता आणि रात्री अहवाल भरत होता. जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या सीमेवर, पिंपळखुटीला, राष्ट्रीय महामार्ग 44 वरून उत्तरेकडे निघालेल्या मजुरांचे लोंढे येत होते. अशा वेळी गोदामातल्या इंजिनाची आठवण काढणाऱ्याकडे लोकांनी संशयाने पाहिले असते. प्रश्न निर्माण झाला तो पुढे. लाट ओसरली, तरी इंजिन विलगीकरणातच राहिले. माणसाला चौदा दिवसांनी बाहेर सोडत; इंजिनाचा कालावधी ठरवणारे परिपत्रक निघाले नाही.

दुरुस्तीची साखळी याच काळात तुटली. बोटीच्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत. तिथल्या मिस्त्रीचा हात फवारणीच्या पंपावर आणि मोटारसायकलवर बसलेला असतो. प्लग आणि कार्बोरेटरपर्यंत त्याचे ज्ञान पुरते, रबरी चकती मात्र बाहेरून मागवावी लागते. खासगी मिस्त्रीला दुसऱ्या जिल्ह्यातून आणायचे तर ई-पास हवा. सप्टेंबर 2020 मध्ये तो रद्द होईपर्यंत उपचार, अंत्यविधी, जवळच्या नातेवाइकाचे लग्न अशी कारणे चालत. इंजिन हा नातेवाईक त्यात बसत नव्हता. वित्त विभागाने 4 मे 2020 रोजी खर्चावर 33 टक्क्यांची मर्यादा घातली आणि कोणत्याही नस्तीवर लिहिता येईल असे एक उत्तर कायमचे उपलब्ध झाले. तीन दरपत्रके मागवावीत, असा शेरा मारायला मात्र कोणतीही मर्यादा नव्हती. ज्या भागाची तीन दुकाने नाहीत, त्याची तीन दरपत्रके येतात कशी, हा विषय या लेखाच्या व्याप्तीबाहेरचा आहे.

सुरक्षित अंतराचा नियम बोटीला लावून पाहणे उद्बोधक ठरते. बोट पंधरा फुटांची, दोन माणसांत अंतर सहा फूट. पुढे एक, मधे एक आणि मागे इंजिनापाशी एक, असे तीन जण बसतात. त्यांपैकी एक चालक आणि एक जवान. याचा अर्थ प्रत्येक फेरीत पुरातून एक माणूस वाचतो आणि घरातले बाकीचे छपरावर रांगेत थांबतात. रांगेतही अंतर पाळायचे असल्याने छप्पर मोठे हवे. घरकुल योजनेत ते बसत नाही.

द्रवांची अदलाबदल

मिस्त्री लोकांचा एक साधा नियम आहे: चुकीचा द्रव चुकीच्या जागी गेला की यंत्र बसते. तेलात पाणी, पेट्रोलमध्ये पाणी, दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेलाशिवाय पेट्रोल, अशी त्याची उदाहरणे. महासाथीत हा नियम यंत्रापुरता राहिला नाही. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील 12 बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात दाखल करावे लागले, ती बचावली. निलंबनाची कारवाई आरोग्य कर्मचाऱ्यांवर झाली. एप्रिल 2021 मध्ये दारूची दुकाने बंद असताना वणीत सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा जीव गेला. एक द्रव हातासाठी आणला होता. तो कुठे ठेवायचा, त्याच्यावर काय लिहायचे, त्यावर कोणाची नजर असायची, हे ठरवणारा माणूस दोन्ही वेळा जागेवर नव्हता. या दोन घटनांत हसण्यासारखे काही नाही. हसू येते ते त्यानंतरच्या बैठकांच्या इतिवृत्तात, जिथे 'योग्य ती दक्षता घ्यावी' असे लिहिलेले असते आणि दक्षता कोणी घ्यावी ते लिहिलेले नसते.

या दोन घटनांच्या मधे, फेब्रुवारी 2021 मध्ये, राज्यातल्या दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती, यवतमाळ, अकोला या भागाला सर्वांआधी लागली. जिल्हा पुन्हा बंद झाला. आठवडी बाजार बंद, शाळा बंद आणि गोदामही अर्थातच बंद.

पाण्याचे वेळापत्रक

नदीला मात्र निर्बंध लागू होत नाहीत. 28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुराचे पाणी पुलावरून वाहत असताना एसटीची बस वाहून गेली आणि त्यात माणसे दगावली. तेव्हा लसीकरणाच्या रांगा चालू होत्या. महासाथ सरल्यावर, 22 जुलै 2023 रोजी, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला. सुमारे 45 माणसे अडकली. हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवण्यात आली. अखेर माणसे सुखरूप बाहेर काढली ती राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी. या दलाचा एक तळ नागपूरला आहे. नागपूर ते यवतमाळ सुमारे दीडशे किलोमीटर, महागाव त्याच्याही पुढे. पूर ज्या नाल्याला येतो, रस्ताही त्याच नाल्यावरून जातो, त्यामुळे हे अंतर पावसाळ्यात वाढते. तोवर जे काही होते ते गावातले पोहणारे, भोईवाड्यातले डोंगे आणि ट्रॅक्टरची ट्यूब यांच्या भरवशावर होते. त्यांचे नाव अहवालात 'स्थानिकांच्या मदतीने' असे येते.

उपाय

जुने यंत्र म्हणजे निकामी यंत्र, ही समजूत या जिल्ह्यानेच खोटी पाडलेली आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची शकुंतला रेल्वे ओढणारे वाफेचे इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत चालले. ते सत्तर वर्षे टिकले, कारण रोज चालत होते, रोज त्यात कोणीतरी पाणी-कोळसा भरत होते आणि ते बंद पडले की गाडीतले प्रवासी खाली उतरून तोंडावर विचारत होते. बोटीच्या इंजिनाला प्रवासी वर्षातून एकदाच मिळतात आणि ते विचारण्याच्या स्थितीत नसतात.

उपाय महाग नाही. इंजिन महिन्यातून एकदा पाण्याच्या पिंपात किंवा जवळच्या तलावात पंधरा मिनिटे चालवावे. धार पडते का पाहावी. बंद करताना इंधनाची नळी काढून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपू द्यावे. गिअरचे तेल वर्षातून एकदा बदलावे आणि रबरी चकती सुटी घेऊन ठेवावी. क्लिप इंजिनालाच बांधावी, कपाटाला नाही. नोंदवहीत 'सुस्थितीत' लिहिण्याची परवानगी ज्याने स्वतः दोरी ओढली त्यालाच असावी. जलाशयावर रोज जाणाऱ्या मासेमारांच्या सहकारी संस्थांकडे बोट सांभाळायला दिली आणि त्याचे मानधन दिले, तर यातले निम्मे काम आपोआप होते. फक्त त्यामुळे ताडपत्रीची खरेदी थांबते.

मान्सूनपूर्व आढावा बैठक दरवर्षी होते. तिला नकाशा, पूररेषा, दूरध्वनी क्रमांकांची यादी आणि चहा असतो. वाचकांनी आपल्या तालुक्यातल्या बैठकीच्या दिवशी एवढेच करावे: इंजिन अंगणात आणायला सांगावे, पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करायला लावावे आणि दोरी ओढणाऱ्या साहेबांचे इतिवृत्तात नाव घालायला सांगावे. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले तर टाळ्या वाजवाव्यात. नाही झाले, तर पाऊस पडायला अजून काही दिवस आहेत आणि दुरुस्तीला तेवढे पुरतात.