मोगलाईत इंग्रजी

कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत डोकावा, एक तरी गुरुजी बीड, लातूर नाहीतर परभणीकडचे निघतात. दिवाळीची सुट्टी संपली की ज्वारीचं पोतं घेऊन येतात. पावसाळ्यात त्या ज्वारीला बुरशी धरते आणि मग ते भातावर दिवस काढत आंतरजिल्हा बदलीच्या शासन निर्णयाची वाट बघत बसतात. ही वाहतूक एकेरी आहे. उलट दिशेने, म्हणजे गुहागरहून बीडला कुणी मास्तर म्हणून गेल्याचं आमच्या पंचक्रोशीत ऐकिवात नव्हतं. पवित्र पोर्टलने ती परंपरा मोडली. पसंतीक्रम भरताना मी बीड कितव्या नंबरावर टाकलं होतं, हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

नेमणूक युसूफ वडगावला, तालुका केज. सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवायचं, पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन दरमहा 16000 रुपये. बीडचं नाव ऐकून बाबांनी बातम्या बंद केल्या. आजीने एवढंच विचारलं, "म्हणजे मोगलाईत?"

आजीच्या हिशेबी निजाम अजून गादीवर आहे. पण तिला हसण्यात अर्थ नाही. 1948 सालच्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख खरोखरच परदेश होता. निजामाचं नाणं वेगळं, त्याला हाली शिक्का म्हणत. टपालाची तिकिटं वेगळी, आणि मालावर जकात घ्यायला सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं 1918 साली, तेही उर्दू माध्यमाचं. त्या काळी गुहागरचा माणूस इंग्रजी शिकवायला इथे आला असता, तर मुलखाला परका, दरबाराच्या भाषेला परका आणि विषयानेही परका, असा तिहेरी उपरा ठरला असता. माझ्या वाट्याला त्यातलं दीडच आलं.

आईने मात्र नकाशा मागितला. अंबाजोगाई जवळच आहे हे दिसल्यावर तिचा चेहरा खुलला. आम्हा कोकणस्थांची कुलस्वामिनी योगेश्वरी तिथे बसलेली आहे. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि ती कुमारिकाच राहिली, अशी कथा सांगतात. "देवीच्या उशाशी राहायला मिळतंय," आई म्हणाली. लग्नासाठी त्या बाजूला गेलेल्यांचं पुढे काय होतं, याचा दाखला त्याच कथेत होता, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढलो, कराडला उतरलो, मग पंढरपूर, बार्शी, कळंब. घाटाच्या अलीकडे डोळ्यांपुढे कायम काहीतरी आडवं येतं, डोंगर नाहीतर झाड नाहीतर नात्यातला माणूस. बार्शी सोडल्यावर आडवं यायला काहीच उरत नाही. जांभा संपला, काळी माती सुरू झाली, आणि एवढं आभाळ एकदम अंगावर आल्यावर मी खिडकी लावून घेतली.

कळंबच्या गाडीत कंडक्टरला म्हटलं, "एक वडगाव."

"कंचं?"

युसूफ, असं सांगेपर्यंत पुढच्या सीटवरचे आजोबा पूर्ण वळून बसले होते. "कुनाकडं?"

"शाळेत. इंग्रजीचा शिक्षक आहे, नवीन."

"गाव कंचं?"

"गुहागर. रत्नागिरी जिल्हा."

"आडनाव?"

सांगितलं. लग्न? नाही. वडील काय करतात? बहिणी किती? दिलेल्या का? जमीन किती? गुंठ्यात सांगितली. गाडीत शांतता पसरली. एक बाई हळूच म्हणाली, "गरीब हाय बिचारा." करोडगिरीचे नाके उठले असं इतिहासात लिहिलेलं असलं, तरी खातं अजून चालू आहे आणि ते एसटीत बसतं. माल लपवायला जागा नाही. कोकणात शेजारच्या घरात काय शिजतंय हे आम्हालाही माहीत असतं, पण ते गड्यामार्फत काढायचं, तोंडावर विचारायचं नाही, ही रीत. इथे तोंडावर विचारतात आणि उत्तर पटलं नाही तर दुरुस्त करून घेतात. मी गावात उतरलो तेव्हा माझी माहिती माझ्याआधी उतरली होती. पाराजवळच्या हॉटेलवाल्याने चहा देताना विचारलं, "चार गुंट्यात भागतं का सर तुमचं?"

खोली मिळाली. घरमालकीण मावशी साठीच्या, आवाज पाटलाचा. पहिल्या दिवशी मी कुकर लावून भात केला. दुसऱ्या दिवशीही भात. तिसऱ्या दिवशी मावशी दारात उभ्या. "लेकरा, बरं वाटंना का? डाक्टरला बलवू?" इकडे भात जेवणाच्या शेवटी चार घास घ्यायचा, नाहीतर आजाऱ्याला मऊ करून द्यायचा. सलग तीन दिवस फक्त भात खाणारा माणूस तापाने फणफणलेलाच असणार. त्या रात्री भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी असं ताट आलं. आमटी तोंडात घातली आणि कानातून वाफ निघाली. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ. मावशी वर्षाचा डबा भरून ठेवतात, आणि दळताना शत्रू डोळ्यांपुढे आणत असाव्यात. "तिखट झालं का?" त्यांनी विचारलं. डोळ्यांतून पाणी गळत असताना मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रमाण वाढलं.

नारळाचं प्रकरण याहून गंभीर झालं. ओल्या नारळाशिवाय भाजी होते, हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी किराणा दुकानातून एक नारळ आणायचो. दुकानदार आधी आदराने द्यायचा, मग दोन्ही हातांनी द्यायला लागला. एकदा त्याने पैसे घेताना हळू आवाजात विचारलं, "किती दिवसाचा हाय?"

"काय?"

"नवस."

इथे नारळ देवापुढे फोडतात, नाहीतर टेंपोच्या चाकापुढे. वाटून भाजीत घालायची ती वस्तू नव्हे. तेव्हा रोज नारळ नेणारा बिनलग्नाचा मास्तर कशासाठी नवस करत असेल, याचा निकाल गावाने केव्हाच लावला होता. पुढच्या रविवारी एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले, मावशींशी तासभर बोलले आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "जमीन कमी हाय, पन नौकरी हाय की." नारळ भाजीसाठी लागतो असं मी मावशींना सांगून पाहिलं. त्यांनी कुणाला ते कळवलं नाही. माझी अब्रू राखली असं त्यांचं म्हणणं.

पावसाबद्दल दोनच वाक्यं. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, बीड जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आतबाहेर. त्यामुळे ज्याला आम्ही "आता जरा उघडलंय" म्हणतो, त्यात इथली माणसं अंगणात उभी राहून भिजतात आणि एकमेकांना फोन करून विचारतात, "तुमच्याकडं हाय का?"

सप्टेंबरात शाळेत झेंड्याची तयारी सुरू झाली. 15 ऑगस्ट होऊन गेलेला, म्हणून मी शिपाईमामांना विचारलं, कसला झेंडा? त्यांनी हातातला झाडू खाली ठेवला.

"सतरा सप्टेंबर! मुक्तिसंग्राम दिन. तुमच्याकडं नसतो?"

"नाही."

"मंग तुमी स्वतंत्र कव्हा झालात?"

"पंधरा ऑगस्टला."

"ते देशाचं झालं ओ. तुमचं सवताचं?"

याला उत्तर नव्हतं. भाषणात मला बोलायला लावलं, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांवर बोललो. जन्म विजापूर जिल्ह्यातला, म्हणजे तेही इथे बाहेरूनच आलेले मास्तर. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक, 1935 च्या सुमारास अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी शाळेत आले आणि तिथून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. बाहेरच्या एका मास्तराने येऊन निजामाची झोप उडवली, आणि मी भाषण करत असताना आठवीतली मागची रांग गाढ झोपलेली होती.

खरा वर्ग दिवाळीनंतर कळला. सुट्टी संपली आणि कितीतरी बाक रिकामे. हजेरी घेताना पोरं गेलेल्यांच्या वतीने एका सुरात सांगायची, "तोडीला गेलं." बीडमधली हजारो कुटुंबं ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलात परततात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पोरं सोबत जातात, नाहीतर आजीकडे राहतात. अशा आजीकडे राहिलेल्यांपैकी एक मागच्या बाकावर होता.

फळ्यावर वाक्य होतं, 'माय फादर गोज टू द फील्ड.' आपापलं वाक्य करा म्हटलं. हा उठला.

"माय फादर इज गोइंग टू कोयता."

मी वहीतलं समजावलं. आत्ता चालू असेल तर 'इज गोइंग', सवयीची गोष्ट असेल तर 'गोज'. तुझे वडील दर वर्षी जातात ना?

"जातेत."

"मग सवय झाली. गोज."

तो थोडा विचार करून म्हणाला, "सर, जातेत दर साली, पन सवय नाही ओ ती. उचल घेतलेली असती."

व्याकरणाच्या पुस्तकात उचलीसाठी वेगळा काळ दिलेला नाही. मी दोन्ही वाक्यं बरोबर धरली.

तो पुढे माझा वाटाड्या झाला. ज्या कराडला मी रात्री दीड वाजता फलाटावर बॅगेवर बसून होतो, तिथे तो दोन हंगाम राहिलेला. बेळगावकडच्या फडावर त्याने कानडी आकडे शिकलेले, आणि ते तो इंग्रजी आकड्यांपेक्षा वेगाने म्हणतो. परदेशी कसं राहायचं यावर त्याचे ठाम विचार आहेत. गेल्या गेल्या दुकानदाराशी ओळख करायची, कुत्र्याला भाकर टाकायची आणि तिथल्या पोरांशी पहिल्या दिवशी भांडायचं नाही, दुसऱ्या दिवशी भांडायचं. यातलं पहिलं मी नारळामुळे न कळत केलेलं होतं.

समुद्र तेवढा त्याने पाहिलेला नव्हता. भरती-ओहोटी समजावताना मी सांगितलं, दिवसातून दोनदा पाणी वर येतं, दोनदा मागे जातं. मांजरा धरण इथून जवळच, धनेगावला. पाणी म्हणजे कालव्याचं आवर्तन, ते सुटलं की सुटलं, नाही सुटलं तर निवेदन द्यायचं, एवढा त्याचा हिशेब पक्का.

"रोज दोनदा? कंच्या धरनातून सोडतेत?"

"कुठल्याच नाही. आपोआप येतं."

"अन् लातूरला जात नाही ते?"

डिसेंबरात एका रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. "नमस्कार सर. मी केजकडचा. सध्या गुहागर तालुक्यात हाय, तुमच्याच गावाच्या केंद्रात. तुमचं नाव कळलं." आवाजात बऱ्याच वर्षांची ओल होती. आपसी बदलीचा प्रस्ताव होता. म्हटलं, सर, मी अजून शिक्षण सेवक, कायम झाल्याशिवाय अर्जही करता येणार नाही. "म्हाईत हाय ओ. आत्तापासून सांगून ठेवलं."

मग त्यांनी विचारलं, "येळवसीचं आवतन आलं का?"

वेळ अमावस्येचं म्हणत होते. लातूर-धाराशिवला लागून असलेल्या या पट्ट्यातही त्या दिवशी सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप करतात, भज्जी, आंबील, उंडे असतात, आणि वाटेने जाणाऱ्यालाही बोलावून वाढतात. मला चार घरची बोलावणी होती. सांगितलं.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग ते म्हणाले, "आमच्या मोठ्या भावाच्या रानात जावा. मी फोन करतो. आंबील दोनदा घ्या, एकदा माझी."

मला भरून आलं. म्हटलं, तुम्हीही आमच्या घरी जाऊन या. आई आनंदाने जेवू घालील.

"जाऊन आलाव की सर. मागच्याच रविवारी बलवलं होतं तुमच्या आईनं."

"काय केलं होतं?"

"भात," ते म्हणाले. "आधी भात. मंग भात. अन् शेवटाला ताक-भात."