टक्क्यांपलीकडे पाहणारी कॉलेजं

बारावीचा निकाल लागला की फर्दापूरच्या टी पॉइंटवर, लेण्यांच्या बसची वाट पाहणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीतही, एक प्रश्न हमखास ऐकू येतो : पोराला टक्के कमी पडले, आता विचारणार कोण?

काळजी नसावी. विचारणारे ढिगानं आहेत.

अभियांत्रिकीचंच घ्या. पीसीएमला खुल्या गटासाठी 45 टक्के, राखीव गटासाठी 40 टक्के पुरतात. पुढं सीईटी आहेच. तिथंही गाडी अडली, तर व्यवस्थापन कोट्यातली संस्था उमेदवाराकडे फार व्यापक नजरेनं पाहते. त्या नजरेच्या टप्प्यात वडिलांची कपाशीची चार एकरंही येतात.

वैद्यकीय क्षेत्राचं मन त्याहून मोठं. 2023 साली नीट-पीजीचा कटऑफ सर्व प्रवर्गांसाठी थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला. पेपरला बसला तो पात्र! जागा रिकाम्या राहू लागल्या की गुणवत्तेची कडक शिस्त अशी मवाळ होते.

खरोखर टक्के बाजूला ठेवणारं दार 1989 सालीच नाशकात उघडलं : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. बारावी न झालेल्यांनाही त्यानं पूर्वतयारी परीक्षेच्या वाटेनं पदवीपर्यंत नेलं. फीसाठी रान विकायची गरजही नाही.

पण सोयरीक ठरवताना पाहुणे विचारतात, “रेग्युलर केलंय, की मुक्तवालं?”

मग वडील निमूटपणे कोट्याच्या कॉलेजचा नंबर फिरवतात. तिथला क्लार्क गुणपत्रिकेचं नावही काढत नाही. “पहिला हप्ता कधी आणताय, काका?” एवढंच विचारतो.