करंट होतु!

बेळगावच्या खासबागेत लाईट गेलेली आधी ऐकू येते, मग दिसते. आमच्या गल्लीत माग रात्रभर खडखडत असतात. त्या खडखडाटात आमची पोरं पाळण्यात झोपायला शिकली. तो थांबला की मात्र सगळी गल्ली दचकून उठते आणि शेजारचे काका खिडकीतून कानडीत ओरडतात, "करंट होतु!"

कानडीत 'होतु' म्हणजे गेला. पुण्याहून आलेल्या माझ्या मेहुणीनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "होतं ते ठाऊक आहे, आता का नाही ते विचारा ना!" सीमाभागात दोन भाषांचं कशावरून बिनसत असेल ते असो, विजेबाबत दोघींचं म्हणणं एकच: होतं, आता नाही.

यावर उपाय मला रविवारच्या बाजारात सापडला. मेथीच्या पेंड्यांपलीकडं एक फुगेवाला वीतभर लांबीच्या काड्या वाकवून हिरव्यागार पेटवत होता. "लायटीची काडी, काका! सेल नको, चार्जिंग नको. घ्या की!" मी खोकंच घेतलं.

घरी येऊन व्याख्यान दिलं. काडीच्या पोटात काचेची बारीक कुपी असते. कुपीत एक रसायन, बाहेर दुसरं, शिवाय रंग. वाकवली की कुपी फुटते, दोन रसायनांची गाठ पडते आणि त्यातली ऊर्जा रंगाला मिळून उजेड पडतो. धग नाही, ठिणगी नाही. म्हणजे गॅसचा वास आला असताना काडेपेटी ओढायची किंवा लाईटचं बटण दाबायचं नसतं, तेव्हा ही काडी घराबाहेर पडायला वाट दाखवते. अमेरिकेत एडविन चँड्रॉस यांनी 1960 च्या दशकात हे थंड उजेडाचं रसायन शोधलं. जांबोटीच्या रानातले काजवे असाच धंदा त्याआधीपासून, पेटंट न घेता करत आहेत.

बायकोनं सगळं ऐकून एकच विचारलं, "बंद कशी करायची?"

"बंद होत नाही. एकदा लावली की संपेपर्यंत."

"मग आज नको," म्हणत तिनं खोकं कपाटात ठेवलं. वेळेला असू दे म्हणून.

ती वेळ वैशाखात आली. आमच्याकडं शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात आणि गर्दीत पोरं हरवणं हाही त्या सोहळ्याचाच भाग असतो. मी पोराच्या मनगटाला हिरवी काडी गोल करून बांधली. लांबून दिसेल, हा हिशेब. पण फुगेवाल्यानं फक्त मलाच गिऱ्हाईक केलं नव्हतं. गर्दीत जिकडं बघावं तिकडं हिरवी मनगटं! त्यातलं एक घट्ट धरून मी आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत आणलं. उजेडात बघतो तर पोरगं भलत्याचंच. आइस्क्रीम संपेपर्यंत त्यानंही काही तक्रार केली नाही. तेव्हापासून गर्दीत आमच्या घरचा रंग गुलाबी.

धाकट्या भावाला मात्र खरा उपयोग कळला. सेकंड शिफ्टहून येताना तो सायकलच्या कॅरिअरला मागं एक काडी बांधतो. घरी पोचल्यावर ती तशीच जळत राहते, हे बायकोला बघवेना. थंडीत रसायनांचा वेग मंदावतो आणि अर्धी वापरलेली काडी फ्रीजरमध्ये जास्त वेळ टिकते, असं मीच तिला सांगितलं होतं. माझं जे एकच म्हणणं तिनं आजवर ऐकलं, ते हे.

जूनमधल्या एका रात्री खडखडाट थांबला. "करंट होतु!" घसा कोरडा पडला होता. पोरांच्या बर्फाच्या पेप्सीची आठवण झाली. फ्रीजर उघडला. काळोखात एकच कांडी मंद हिरवी दिसत होती. हल्ली पेप्सीत रंगच तसले घालतात, म्हणून मी तिचं टोक दातानं फाडलं.

ऊब लागली की काडी पुन्हा जोरात पेटते, हे मी व्याख्यानात सांगितलं नव्हतं. हातातली काडी उजळली, ओठ उजळले, जीभ कडू होऊन चुरचुरायला लागली. स्वयंपाकघरात अधांतरी हिरवं तोंड बघून बायको किंचाळली. आमच्या खिडकीत उजेड बघून शेजारचे काका आनंदानं ओरडले, "करंट बंतु!" आला, आला! आणि गल्लीभर बटणं खटाखट दाबली गेली.

फुटक्या कुपीचा चुरा तोंडात आला नाही, हे नशीब. पुन्हा पुन्हा चुळा भरल्या, पाणी प्यालो. हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, असं मला त्या हिरव्या उजेडातच बजावण्यात आलं. मग बायकोनं त्याच उजेडात खोक्यावरची सूचना वाचली. पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

"पंचावन्न लिहायचं राहिलं वाटतं," ती म्हणाली.

सकाळी फ्रीजरमध्ये काड्यांच्या डब्यावर कागद चिकटवलेला होता. वर मराठीत 'खाऊ नये', खाली कानडीत 'तिन्नबेडी'. पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून आमच्या गावात काय काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ही दोन भाषांतली पाटी मात्र बिनविरोध लागली. कानडी कशाला, असं मी विचारलं.

"एका भाषेत कळलं नाही, असं म्हणाल म्हणून."