अंबाडीचं चऱ्हाट

भडगावात माणूस कॉफी पितो तो उपास असला तर, नाहीतर पोराची बारावी असली तर. मी बारमाही प्यायचो. पुण्याला शिकायला गेलो होतो. पदवी यथातथाच आणली, कॉफी मात्र पक्की घेऊन आलो. कुणाकडे चहाचा ट्रे फिरायला लागला की मी हात जरासा वर करून हळूच म्हणायचो, ‘‘चहा नको. कॉफी असली तर...’’ त्या ‘असली तर’नं घरभर धावपळ व्हायची. आत कुजबुज, मागच्या दारानं कुणीतरी दुकानाकडे पळालेलं, आणि बऱ्याच वेळानं जायफळ घातलेली, साखरेनं जड झालेली दुधाळ कॉफी समोर. ती मला मुळीच आवडत नसे. ‘सर कॉफी घेतात’ हे वाक्य आवडायचं.

पुढे पित्त वाढलं, झोप उडाली आणि डॉक्टरांनी कॉफीवर फुली मारली. दिवसभर मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि त्यानं झोप येते. कॅफीन आधीच जाऊन त्याच्या जागेवर बसतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरण्याचाच हा प्रकार. आणि बसलेलं लवकर उठतही नाही. संध्याकाळी पाचच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री दहालाही अंगात असतं म्हणे.

आता कॉफी सोडून सरळ चहावर यायचं म्हणजे पदावनतीच. म्हणून मी फळांचा चहा मागवला. चारशे रुपयांचं खोकं आलं. वर धुकं, डोंगर आणि कप हातात धरून डोळे मिटलेली बाई. त्याच्या जोडीला एक फुलांचा चहाही घेतला, कॅमोमाइल. त्याला पावसात भिजलेल्या कडब्याचा वास येतो. तो एकदाच केला. बायको शेजारी आलं ठेचून घातलेला दुधाचा चहा फुरके मारत पीत होती. ती काही बोलली नाही. तिचा फुरकाच बोलका आहे.

फळांचा चहा मात्र दिसायला झकास, लालबुंद. खोक्यावरची यादी वाचली. सफरचंदाचे तुकडे, संत्र्याची साल, रानगुलाबाची फळं. आमच्या केळ्याला कुणी विचारलेलं नाही. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी भरताच्या वांग्यालाही. पण खोक्यावरच्या त्या डोळे मिटलेल्या बाईपर्यंत बातमी पोचलेली दिसत नाही. वांग्याचं एक वेळ समजू शकतो.

प्रतिष्ठेची वस्तू घरात पिऊन काय उपयोग? एक पुडी खिशात घालून बसस्टँडसमोरच्या टपरीवर गेलो आणि नुसतं गरम पाणी मागितलं. टपरीवाल्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. ‘‘सर, तब्बेत बरी शे ना?’’ मी त्याला अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा २०१० चा प्रयोग सांगितला. दिवसाला तीन कप, सहा आठवडे, वरचा रक्तदाब सातेक अंकांनी खाली. तो लक्ष देऊन ऐकत होता. ‘‘दूध नही, साखर नही, मंग याले चहा काब्र म्हनतस?’’ असं म्हणून त्या भल्या माणसानं, मी पैसे काढेपर्यंत, माझ्या ग्लासात पळीभर दूध ओतलं. आंबट लाल पाण्यात दूध पडलं की काय होतं ते बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. एकानं तर फोटो काढला.

खोक्यावरच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं हिबिस्कसचं. टफ्ट्सचा प्रयोगही त्याच्याच चहाचा. मला वाटलं जास्वंद असेल. शोधलं तर निघाली लाल अंबाडी! आता अंबाडी म्हटल्यावर मला आवरणं कठीण. आमच्या लहानपणी शेताच्या कडेनं अंबाडी असायचीच. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. झाडं जून झाली की कापून पेंढ्या बांधायच्या, नाल्याच्या पाण्यात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे. आठ-पंधरा दिवसांत ती कुजली की जो वास सुटे तो आम्हाला शाळेच्या वर्गात बसून यायचा. कुणाच्या पेंढ्या आहेत तेही आम्ही वासावरून सांगायचो. (ही थाप आहे, पण लहानपणी सगळ्यांनी मान्य केलेली.) मग साल ओढून, धुऊन, वाळवून तिचा पांढरट वाख निघायचा. आजोबा तो मांडीवर वळत बसायचे. पोळ्याला बैलांची वेसण नवी, म्होरकी नवी, कासरे नवे, आणि सगळं घरच्या अंबाडीचं. पुढे नायलॉनचा दोर आला, बैलही कमी झाले, आणि अंबाडी बांधावरून गेली ती गेलीच. इजिप्तमध्ये मात्र हिचीच लाल बोंडं उकळून ‘करकदे’ करतात आणि लग्नकार्यात मानानं देतात. असो. अंबाडीचं चऱ्हाट वळत बसलो तर ते गिरणाकाठानं पार जामद्याच्या बंधाऱ्यापर्यंत जाईल.

तेवढ्यात मोठ्या मायकडे जाणं झालं. तिचं खेडं नदीच्या अंगाला आहे. मी ओसरीवर टेकलो नाही तोच ती म्हणाली, ‘‘कापी ठेवू का रे भाऊ?’’ मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की मी कॉफी सोडली. ती उठता उठता थांबली. मग फडताळातून डालड्याचा जुना डबा काढला. आत मेथ्या, सुंठ, आणि रबर लावलेल्या कॉफीच्या दोन-दोन रुपयांच्या पुड्या. मी अवचित येतो आणि दुकान लांब, म्हणून आणून ठेवलेल्या. घरात एक म्हैस आहे, तिचं दूध सकाळीच डेअरीला जातं. माझ्या कपापुरतं शेजारून यायचं, तेही मला त्या दिवशी सुनेकडून कळलं. कापसाला भाव नसलेल्या सालीसुद्धा यायचं. आणि मी ते निम्मं पिऊन जायफळ जास्त झालं म्हणून कप खाली ठेवत असे.

त्या दिवशी तिची कॉफी तळापर्यंत प्यायलो. पित्ताचं पित्त बघून घेईल.

नंतर तिला माझी पुडी दाखवली. तिनं कागद फाडून भुगा तळहातावर घेतला, नाकाशी धरला, जिभेवर टाकला. ‘‘हाई ते आंबाडीनं बोंड शे!’’ मग लगेच, ‘‘कितलाले लिधं?’’

चारशे म्हणायचं धाडस झालं नाही. चाळीस म्हणालो.

‘‘चाळीस रुप्यामा पोतंभर देसू मी तुले,’’ ती म्हणाली, आणि सून, नातू, शेजारीण असे सगळे माझ्याकडे पाहून हसले.

तिनं परसात दोन झाडं राखली आहेत हे मला माहीतच नव्हतं. दिवाळीनंतर नातवाबरोबर एसटीनं बोंडांची पिशवी आली. वाळवून चहा करायचा माझा बेत ठरला होता. बायकोनं पिशवी परस्पर ताब्यात घेऊन हिरवी मिरची-लसूण घालून चटणी वाटली, आणि ती इतकी फर्मास झाली की मी स्वतःच दुसऱ्यांदा मागून घेतली. उरलेली मूठभर बोंडं मी गच्चीवर जुन्या धोतरावर पसरली. रंग तोच, चव तीच, आंबटपणा थोडा जास्त.

गल्लीत आता ‘सरांनी गच्चीवर अंबाडी घातलीय’ असं बोलतात. मी प्रत्येकाला थांबवून सांगतो, अंबाडी नाही, करकदे.